व्हिएन्ना ते फ्रँकफर्टची सोबत

व्हिएन्ना ते फ्रँकफर्ट हे हवाई अंतर सहाशे वीस किलोमीटरच्या आसपास आहे. विमान आकाशात तासाभराहून थोडं जास्त असतं. वेळापत्रकात दीड तास दाखवतात. दोन्ही शहरांत एकच वेळ चालते, त्यामुळे घड्याळाला हात लावावा लागत नाही. ही माहिती मला पाठ आहे, कारण ती मीच लिहिलेली आहे.

न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला राहून मी एका प्रवासाच्या वेबसाइटसाठी शहरांच्या जोड्यांवर पानं लिहितो. त्याआधी नागपूरला एका दैनिकाच्या डेस्कवर होतो. बायकोच्या नोकरीमुळे इथे आलो, कामाचा परवाना मिळायला काही वर्षं गेली, आणि मिळाल्यावर हे काम मिळालं. पानाचा साचा ठरलेला आहे. अंतर, उड्डाणाचा वेळ, थेट विमानं कोणत्या दिवशी असतात, विमानतळावरून शहरात कसं जायचं. प्रवाशाकडे कोणत्या देशाचा पासपोर्ट आहे, हे साच्यात कुठेही येत नाही. जगातल्या बऱ्याच लोकांना त्याची गरज पडत नाही.

माझा मावसभाऊ माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणतो. तो इथे वीसेक वर्षं आहे, एका औषध कंपनीत आयटीचा मोठा विभाग सांभाळतो. माझ्या कामाची तो मनमोकळी थट्टा करायचा. चार लोकांत मला विचारायचा, "काय पत्रकार, आज कुठे? लिस्बन का वॉर्सॉ?" आणि लोकांना सांगायचा की हा घरात बसून अख्खा युरोप फिरतो, एक रुपया खर्च न करता. लोक हसायचे. मीही हसायचो. यातलं एकही शहर मी पाहिलेलं नाही.

मावशी दादाकडे राहायची. गेल्या वर्षी मार्चमध्ये डॉक्टरांनी उपचार थांबवायला सांगितले आणि घरीच हॉस्पिस सुरू झालं. म्हणजे बरं करायचे प्रयत्न बंद. दुखू नये एवढंच बघायचं. दादाने फॅमिली रूममधला सोफा गॅरेजमध्ये नेला आणि तिथे हॉस्पिसवाल्यांनी पाठवलेली खाट लावली. मॉर्फिनची बाटली फ्रिजच्या दारात, दुधाच्या कॅनशेजारी असायची. नर्स एक दिवसाआड यायची, मावशीचा हात हातात घेऊन बसायची आणि जाताना दारात दादाशी हळू आवाजात बोलायची. एकदा मी तिथे होतो. तिने सांगितलं की आता महिन्यांचा हिशेब सोडा, ज्यांना भेटायचं असेल त्यांना बोलावून घ्या.

मावशीला एकाच व्यक्तीला भेटायचं होतं. माझी आई तिची धाकटी बहीण. अमरावतीला राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. दोघींचे आईवडील लवकर गेले आणि आईला मावशीने वाढवलं. तिचं कॉलेज, तिचं लग्न, सगळं मावशीनेच बघितलं. मावशी अमेरिकेत आल्यापासून त्या दोघी दोनदाच भेटल्या होत्या. रोज फोन मात्र व्हायचा. मावशीच्या खाटेशी गेलं की ती डोळे उघडून पहिला प्रश्न विचारायची, "निघाली का?"

आईकडे अमेरिकेचा व्हिसा होता. बाबा असताना दोघं एकदा येऊन गेले होते, त्यामुळे तो दहा वर्षांसाठी मिळालेला होता आणि अजून चालू होता. त्याच आठवड्यातल्या गुरुवारच्या मुंबई-नेवार्क थेट विमानात जागा होती. मी दादाला त्या तिकिटाची लिंक पाठवली. विमानात बसायचं आणि उतरायचं, मध्ये काही नाही.

दादाने ती नाकारली. त्याच्या मते आई एकटी येऊ शकणार नव्हती. एवढा लांबचा प्रवास, इंग्रजी बोलायची सवय नाही, वय सदुसष्ट. तिला सोबत हवी.

सोबत हा इथल्या मराठी लोकांचा एक वेगळाच व्यवहार आहे. प्रत्येक गावाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप असतो, आणि त्यावर आठवड्याला एक तरी मेसेज येतो: माझे आईबाबा अमुक तारखेला मुंबईहून निघतायत, त्या फ्लाइटला कुणी आहे का? मग कुणाची तरी सासू आणि कुणाचे तरी वडील मुंबईच्या विमानतळावर एकमेकांना पहिल्यांदा भेटतात आणि नेवार्कला उतरेपर्यंत नातेवाईक झालेले असतात. फॉर्म एकमेकांना विचारून भरतात, चहासाठी एकमेकांना उठवतात. मुलांचा जीव भांड्यात पडतो. यात बहुतेक वेळा काही बिघडत नाही, म्हणून त्याबद्दल कुणी फार विचारही करत नाही.

या वेळी सोबत घरातच होती. वहिनीची आई, ज्यांना आम्ही सगळे काकू म्हणतो, हिवाळा पुण्यात घालवून त्याच सुमाराला दादाकडे परत यायच्या होत्या. त्यांचं तिकीट आधीच काढलेलं होतं: मुंबई, व्हिएन्ना, फ्रँकफर्ट, नेवार्क. ते शनिवारी रात्री मुंबईहून निघून रविवारी दुपारी इथे पोचणारं होतं. दादाने आईला त्याच विमानांत जागा घेतली. तो म्हणाला, "ती माझ्या आईसाठी येतेय, तिकीट मीच काढणार." आईने फोनवर मला सांगितलं की बरंच झालं, एकटीला जरा धास्ती वाटत होती.

मी दादाला विचारलं होतं. डेस्कची सवय म्हणा. मध्ये दोन विमानतळ आहेत, ट्रान्झिट व्हिसाचं बघितलंस का?

"अरे, तिला एअरपोर्टच्या बाहेर कुठे पडायचंय?" तो म्हणाला. "आणि पासपोर्टवर यूएस व्हिसा आहे. चेक केलंय मी. तू अंतरं मोज."

त्याने जे चेक केलं होतं ते एका विमानतळापुरतं खरं होतं. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल, तर व्हिएन्नाला उतरून तिथूनच न्यूयॉर्कला जाता येतं. फ्रँकफर्टला उतरून तिथूनच नेवार्कला जाता येतं. पण व्हिएन्ना ते फ्रँकफर्ट हा प्रवास युरोपातल्या त्या देशांच्या लेखी परदेश प्रवास नाही. त्यांच्या सामायिक हद्दीत तो नागपूर ते मुंबईसारखा आहे. ते विमान धरायचं तर व्हिएन्नालाच पासपोर्ट दाखवून त्यांच्या हद्दीत शिरावं लागतं, आणि शिरायला त्यांचा व्हिसा लागतो. अमेरिकन पासपोर्टवाल्याला लागत नाही. त्यामुळे अमेरिकन नागरिक झालेल्या माणसाला हा नियम आहे हेच आठवेनासं होतं. दादाला नागरिकत्व घेऊन बरीच वर्षं झाली होती. काकूंकडेही अमेरिकन पासपोर्ट होता.

मुंबईच्या काउंटरवर हे लक्षात यायला हवं होतं. तिथे आईचा अमेरिकन व्हिसा पाहिला आणि दोन्ही बायकांना बोर्डिंग पास दिले.

शनिवारी दुपारी मी दादाकडे गेलो तेव्हा मावशी जागी होती. वहिनीने तिच्या कानाशी वाकून सांगितलं की माझी आई विमानात बसली. मावशीने मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाली, तिला खिडकीजवळची जागा दिली का. वहिनी हो म्हणाली. ते तिला माहीत नव्हतं, पण त्याने काही बिघडत नव्हतं.

रविवारी सकाळी सातला वहिनीचा फोन आला. ती रडत नव्हती, पण एकेक वाक्य दोनदा बोलत होती. फ्रँकफर्टहून काकूंचा मेसेज आला होता: मी पोचले, त्या मागे राहिल्या, त्यांच्या कागदांचा काहीतरी प्रॉब्लेम झाला. दादाच्या फोनवर व्हिएन्नाच्या नंबरावरून चार मिसकॉल होते. तिकिटावर त्याचा एकट्याचा नंबर होता, आणि झोपताना तो फोन सायलेंटवर ठेवतो.

मी विमान कंपनीला फोन लावला. बराच वेळ गाणं वाजलं. मग जी बाई आली ती शांतपणे, नीट बोलत होती. तिच्यासमोर सगळी नोंद होती. प्रवाशाला पासपोर्ट तपासणीत थांबवण्यात आलं. फ्रँकफर्टला पाठवता येत नाही. व्हिएन्नाहून न्यूयॉर्कला थेट विमान जातं, त्यात त्या सकाळी एक जागा होती, ती देऊ करण्यात आली. प्रवाशाने घेतली नाही.

मी म्हटलं, असं होणं शक्य नाही.

तिने पुन्हा वाचलं. प्रवाशाचं म्हणणं होतं की आपल्याबरोबर एक बाई आहेत, त्या परत येतील, त्यांच्याशी बोला. कर्मचारी थांबले. कुणी आलं नाही. ते विमान निघून गेलं. आता नियमाप्रमाणे ज्या शहरातून आणलं तिथे परत न्यायची जबाबदारी कंपनीची आहे आणि संध्याकाळच्या मुंबईच्या विमानात जागा दिलेली आहे. दुसऱ्या दिवशीच्या थेट विमानाचं मी विचारलं. ते भरलेलं होतं. दुसऱ्या कंपनीचं तिकीट मी आत्ता काढतो म्हणालो. तिने सांगितलं की परतीचा आदेश निघालाय, तो आता तिच्या हातात नाही. तिने सॉरी म्हटलं आणि मला वाटतं ते मनापासून म्हटलं. शेवटी व्हिएन्नाच्या डेस्कवर फोन जोडून दिला, आणि तिथल्या माणसाने आईच्या हातात रिसीव्हर दिला.

आईने स्वतःचं काहीच सांगितलं नाही. आधी विचारलं, "काकू कुठे आहेत?"

"नेवार्कच्या विमानात."

मागे घोषणा ऐकू येत होती.

"बरं," ती म्हणाली.

मी तिला खायला काही मिळालं का विचारलं. तिने सांगितलं की इथली माणसं चांगली आहेत, पाणी दिलं, ब्रेड दिला. मग विचारलं की ताई कशी आहे. मी सांगितलं की वाट बघतेय. हे सांगायला नको होतं की सांगायलाच हवं होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दादाकडे पोचलो तेव्हा तो खाटेशेजारी उभा होता. मावशीला त्याने विमान लेट असल्याचं सांगितलं होतं. तिचे डोळे मिटलेले होते, पण ती ऐकत होती.

"मग आता कुठे आहे?" तिने विचारलं.

"व्हिएन्नाला."

"तिथे कोण आहे आपलं?"

दादा खिडकीकडे गेला आणि पडदा सारखा करत राहिला. पडदा सारखाच होता.

काकू दुपारी पोचल्या. दादाच त्यांना आणायला गेला; दुसरं कुणी जाण्यासारखं नव्हतं. त्यांचे गुडघे सुजले होते. त्या मावशीजवळ बसल्या, तिच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाल्या की येतील हो त्या, दोन दिवसांत येतील. मग आतल्या खोलीत जाऊन झोपल्या.

आई मुंबईला उतरली आणि डोंबिवलीला एका नातेवाईकांकडे गेली. मी तिच्यासाठी बुधवारच्या थेट विमानाचं तिकीट काढलं. मंगळवारी सकाळी मावशी गेली. आदल्या दिवशी तिने दोनदा विचारलं होतं, निघाली का. आम्ही दोन्ही वेळा हो म्हटलं. आई निघाली होती, हे खरंच होतं.

मी आईला फोन केला तेव्हा तिच्याकडे संध्याकाळ होती. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तिकीट कॅन्सल कर." मी म्हटलं, अंत्यविधी शुक्रवारी आहे, तू पोचशील, थांबतील सगळे. ती म्हणाली, "मी बोलायला येत होते रे. आता बघायला काय यायचं?"

इथे अंत्यविधीची वेळ ठरवून घ्यावी लागते. शुक्रवारी अकराची मिळाली. हॉलमध्ये गुळगुळीत बाकं होती, लोक काळ्या कोटांत आले होते, आणि तिथल्या माणसाने अगदी अदबीने विचारलं की दाहिनीचं बटण कोण दाबणार. दादाने दाबलं. मी फोन हातात उंच धरून उभा होतो. पलीकडे डोंबिवलीत आई बघत होती. चित्र मध्येच अडकायचं. अडकलं की तिचा चेहरा स्क्रीनवर स्थिर व्हायचा, डोळे अर्धे मिटलेले, आणि ती बघतेय की नाही ते कळायचं नाही. पहिल्या बाकावर काकू बसल्या होत्या.

पुढचे दहा-बारा दिवस दादाकडे लोक येत राहिले. कुणी भाजी, कुणी पोळ्या, कुणी ट्रेभर वरणभात घेऊन यायचं. प्रत्येकाला सगळी हकीकत हवी असायची आणि ती काकू सांगायच्या. सांगून सांगून ती नीटनेटकी झाली होती. रांगा वेगवेगळ्या होत्या, माझी पटकन सरकली, मला वाटलं त्या मागेच आहेत, फ्रँकफर्टला उतरून बघते तर नाहीत. मी तर घाबरलेच बाई. लोक चुकचुकायचे. एक गृहस्थ म्हणाले की हे नियम हल्ली रोज बदलतात. मी त्यांना सांगितलं की हा नियम बऱ्याच वर्षांचा आहे. ते म्हणाले, असं का, आणि पाण्याचा ग्लास घेऊन दुसरीकडे गेले. एक बाई म्हणाल्या की मावशींनी कागद नीट बघायला हवे होते. मावशी म्हणजे माझी आई. दादा तिथेच होता. तो रिकामा ट्रे उचलून आत गेला.

त्याच दिवसांत वहिनीच्या बोलण्यातून मला आणखी एक गोष्ट कळली. ग्रुपवर सोबतीसाठीचा मेसेज तिने माझी आई यायचं ठरण्याआधीच टाकला होता, काकूंसाठी. काकूंना व्हीलचेअर घ्यायला आवडत नाही, लोकांना वाटतं आपण आजारी आहोत. पण एकटीने झेपतही नाही. त्या तारखेला कुणी मिळालं नव्हतं. मग आईचं निघालं. वहिनीने हे सहज सांगितलं, देवाने कशी सोय केली होती अशा सुरात, आणि मग माझ्याकडे बघून थांबली.

गुरुवारचं थेट विमान त्या दिवशी वेळेआधी उतरलं होतं. मी ते मुद्दाम शोधून पाहिलं. त्याने आई आली असती तर दोघींना चार दिवस मिळाले असते. मावशी रविवारपर्यंत नीट बोलत होती.

मी दादाशी भांडलो नाही. भांडण करायला काहीतरी वादाचं असावं लागतं. आम्ही भेटत राहिलो. एकाच गावात राहतो, मुलं एकाच शाळेत आहेत. त्याने माझ्या कामाची थट्टा करणं बंद केलं. तेवढा बदल झाला.

या वर्षी फेब्रुवारीत तो आमच्याकडे आला. वर्षश्राद्धाला आईने यावं असं त्याच्या मनात होतं. थेट विमान, आणि तिला आणायला तो स्वतः मुंबईला जाणार होता. एकट्याने फोन करायचा धीर होत नाही, तू बरोबर बस, असं त्याने सरळ सांगितलं. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोन स्पीकरवर ठेवला. आईने त्याची चौकशी केली, मुलांची केली, वहिनीच्या नोकरीचं विचारलं. मग त्याने विषय काढला. त्याने माफी मागितली. चूक माझी होती मावशी, मी नीट बघितलं नाही, असं तो म्हणाला.

"तुझी चूक अजाणता झाली," ती म्हणाली. "तिचं मला काही नाही."

"मग या ना."

"तुझ्या घरी काकू असतील."

"असतील. पण त्यांनाही वाईट वाटतं, मावशी. त्यांना वाटलं तुम्ही मागेच आहात."

"त्यांची बॅग माझ्या खांद्यावर होती," आई म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा, वर्गात धडा समजावून सांगावा तसा. "मला थांबवलं तेव्हा त्या पलीकडे गेल्या होत्या. मी हाक मारली. त्या परत आल्या, मधल्या काचेपर्यंत. तिथल्या माणसाने माझ्याकडून बॅग घेऊन त्यांना दिली. त्यांनी मला हाताने खूण केली, थांबा म्हणून. मी थांबले. मग कुणी येऊन काय काय विचारत होतं, दुसरं विमान आहे, जाता का. मी म्हटलं, माझ्याबरोबर बाई आहेत, त्या येतील. दुसऱ्या विमानाने गेले आणि त्या मला शोधत बसल्या तर?"

दादाने दोन्ही हात टेबलावर ठेवले होते.

"हे मी कुणाला सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "तू बोलावलंस म्हणून सांगितलं. श्राद्ध नीट कर. ताईला तिखट आवडायचं नाही, ते लक्षात ठेव."

तिने फोन ठेवला. दादाने मला विचारलं की तुला हे माहीत होतं का. मी नाही म्हटलं. त्याने पाणी मागितलं, प्यायला, कोट घातला आणि बाहेर गेला. त्याची गाडी आमच्या दारासमोर बराच वेळ तशीच उभी होती, इंजिन बंद, तो आत बसलेला. काकू त्या वेळी त्याच्या घरी होत्या आणि जेवायला त्याची वाट बघत असणार.

श्राद्ध झालं. काकू नेहमीच्या जागी बसल्या होत्या. दादाने त्यांना काही विचारलं का, हे मी त्याला विचारलेलं नाही. त्याने आईला पुन्हा बोलावलं नाही, आणि आईने त्याबद्दल कधी विचारलं नाही.